घरटी एक माणूस

मी, गुणाबाई ग्यानोबा तोगरे, बाप्तिस्म्याचे नाव मार्था, वय अडुसष्ट, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे धामणवाडी, तालुका रेणापूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. नशापाणी जन्मात केलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे आमच्या वकीलबाई प्रियदर्शनी यांनी सांगितले. याआधी मी असा कागद केलेला नाही. केला होता असे कोणी म्हणाले तर तो कागद खोटा समजावा.

वकीलबाईंचे म्हणणे असे की कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहावे, कागद लहान ठेवावा. मी म्हटले, बाई, कोणाला काय हे लिहायचे तर का हेही लिहावे लागते. नाहीतर मी मेल्यावर लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला होता. त्यांनी कोपरापासून हात जोडले. तेव्हा पुढचे सगळे कलमवार आहे, पण मधे मधे माझेही बोलणे आहे. ज्याला ते नको असेल त्याने नुसती कलमे वाचावीत.

कलम १. माझे लग्न झालेले नाही. मूलबाळ नाही. आईवडील केव्हाच गेले. मागे थोरला भाऊ वैजनाथ, त्याला मी दादा म्हणते. भावजय नागाबाई, माहेर निलंग्याकडचे. त्यांचा मुलगा भागवत, आणि भागवतची मुलगी सुकन्या. आम्ही सगळे एकाच अंगणात राहतो. चुली दोन आहेत. धूर एकच दिसतो म्हणून गावाला वाटते की घर एक आहे.

कलम २. माझी मिळकत अशी: अंगणाच्या कडेची पत्र्याची एक खोली, भांडीकुंडी, दोन शेळ्या, रेणापूरच्या बँकेत माझ्या मातीपुरते पैसे, आणि ओढ्याच्या काठचे वीस गुंठे रान. हे रान वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र करून दिले असून सातबाऱ्यावर ते माझ्या एकटीच्या नावे आहे. गावात त्याला 'रविवारचं रान' म्हणतात. मी काही न लिहिता मेले तर ते दादाकडे जाईल, हे दादालाही ठाऊक आहे. दोन वर्षांपासून त्याच्या कडब्याची गंजी माझ्या बांधाच्या आत सरकत आली आहे.

कलम ३. रविवारचं रान हे नाव कसे पडले ते लिहिते.

मी चौथी पास झाले, शाळा सुटली, त्याच सालात वडिलांनी घरासकट बाप्तिस्मा घेतला. लातूरचे जुने फादर सायकलवर यायचे, पँटीच्या पायाला क्लिप लावून. त्यांनी सांगितले, रविवारी मिस्सेला येणे हे प्रत्येक कॅथलिकाचे कर्तव्य आहे, कारण नसताना चुकवले तर पाप लागते. मिस्सा म्हणजे आमची रविवारची उपासना. ती व्हायची लातूरच्या चर्चमध्ये. एसटीचे भाडे पडायचे, दिवस मोडायचा, आणि शेजारच्या गावचा बाजार नेमका रविवारचा.

आता आमच्या गावची रीत अशी. मयतीला जायचे असो, लग्नात अक्षता टाकायला जायचे असो, चावडीवर बैठक असो की विहिरीतला गाळ काढायचा असो, दवंडी एकच: घरटी एक माणूस. एक गेला की घर गेले. ज्या घरातून कोणी आले नाही त्याला नावे ठेवायची. ज्या घरातून एक आला त्याच्या बाकीच्यांना कोणी विचारायचे नाही. वडिलांनी देवाचे बोलावणे याच रीतीत बसवले. गावात राहणाऱ्या माणसाला 'प्रत्येकाने' म्हटले की 'प्रत्येक घराने' असेच ऐकू येते. मलाही पन्नास वर्षे तसेच ऐकू आले.

मग जायचे कोणी? वडिलांची मजुरी पूर्ण, दादाची पूर्ण, आईच्या हातात चूल. बाईची मजुरी निम्मी, आणि मी तर पोर, म्हणजे निम्म्याचीही निम्मी. माझा रविवार घरात सगळ्यात स्वस्त होता. म्हणून मी.

पहाटे उठून भाकरी करायच्या, धुतलेले लुगडे नेसायचे, फाट्यापर्यंत चालत जायचे आणि लातूरची गाडी धरायची. संध्याकाळी परत आले की सगळे जेवायला बसत आणि दादा विचारी, 'काय म्हनले आज फादर?' मी उपदेश जसाच्या तसा सांगायची. दादा पिऊ लागला तेव्हा दारूविरुद्धचे एकदोन उपदेश मी माझ्या पदरचे घातले, फादर तिकडे मेंढपाळाबद्दल बोलले असले तरी. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमध्ये मिळालेली एक झावळी मी फाडून घरातल्या माणसांइतक्या पट्ट्या करायची आणि प्रत्येकाच्या उशाला ठेवायची. मला वाटे, मी जाते म्हणजे हे सगळे माझ्या पाठीवर बसून येतात. मला ते ओझे कधी जड वाटले नाही.

आणि कोणी असे समजू नये की मी सहा दिवस लोळायची. सोमवार ते शनिवार माझे खुरपे इतरांच्या बरोबरीने चालले आहे. भावजय मात्र बायकांत सांगायची, 'आमच्या गुणाबाईला देव पावला, आमाला बैलाचं शेन.'

वडील थकले तेव्हा मला घेऊन रेणापूरला गेले आणि रानाचे बक्षीसपत्र केले. म्हणाले, 'गुणे, तू आमचे रविवार केलेस. हे रान तुझं.' मी त्यांच्या पाया पडले. मला वाटले, लेकीवर एवढी माया करणारा बाप तालुक्यात दुसरा नसेल.

कलम ४. कंधारचे अंगद यांच्याविषयी.

यांना मी काही देत नाही. त्यांना देण्यासारखे माझ्याजवळ जे होते ते दुसऱ्यानेच परस्पर नाही म्हणून टाकले. पण एक गोष्ट लेखी राहावी म्हणून हे कलम.

अंगद यांचे कंधारला किल्ल्याजवळ सायकलींचे दुकान होते. लातूरला बहिणीकडे आले की रविवारी चर्चमध्ये दिसत. पुरुषांच्या बाजूला बसत आणि गाणे चुकले की स्वतःशीच हसत. मी विशीत होते. त्यांच्या घरचे दोन पुरुष मला मागायला आमच्या अंगणात आले. मी आतून पोहे पाठवले. ते गेल्यावर दादा आत येऊन म्हणाला, 'त्यांला काळी पोरगी नगं हाय.' मी मान हलवली आणि पोह्यांच्या बशा विसळल्या. त्यानंतर मला कोणी मागायला आले नाही. आले असेल तर ते माझ्यापर्यंत पोचले नाही.

तीन वर्षांपूर्वी नांदेडला एका ओळखीच्या घरच्या लग्नाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत एक पांढरे डोके समोर बसले. ओळखले मीच आधी. त्यांनी मला नीट पाहिले आणि विचारले, 'सिस्टर, कॉन्व्हेंट कधी सोडलंत?'

मी म्हटलं, 'कोन्तं कॉन्व्हेंट?'

ते म्हणाले, 'तुमचे दादाच म्हनले व्हते आमच्या मानसांला. पोरगी सिस्टर व्हनार हाय, तिनं देवाला शब्द दिलाय, आता मागू नका. मग आमी कसं मागनार?'

शेजारी त्यांची बायको बसली होती. चांगली बाई दिसली, माझ्या पानात जिलबी तिनेच वाढली. मी दादाला तेव्हा विचारले नाही. मनाशी म्हटले, त्या लोकांनीच आपल्या नकाराला काहीतरी सबब केली असेल. भावावर संशय घ्यायची मला सवय नव्हती. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे ऐकून होते, पण आपल्याच गोठ्यात होतो हे कोणाला खरे वाटते?

तरी या कलमाने मी जाहीर करते की मी सिस्टर, म्हणजे लग्न न करता कॉन्व्हेंटात राहणारी जोगीण, होणार नव्हते. देवाला असा कोणताही शब्द दिलेला नव्हता. मागायला आलेले स्थळ मला पसंत होते.

कलम ५. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर माझे गुडघे गेले. बसची पायरी चढवेना. मी भागवतला सांगितले की आता मला जमत नाही. तो म्हणाला, 'मग सुकन्याला धाडू.' पोरगी बारावीला होती. पुढच्या रविवारपासून माझी छत्री घेऊन ती जाऊ लागली. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट बरे वाटले की घराचे चुकणार नाही.

महिन्याभराने फादर मलप्पा मला बघायला आले. हे आताचे फादर, बिदरकडचे, वयाने माझ्या भाच्यासारखे. मराठी बोलताना मधेच कानडी येते. मी त्यांना चहा दिला आणि म्हटले, 'फादर, मी येत नाही म्हणून रागावू नका. सुकन्या येतीय ना माझ्या जागी?'

'तुमच्या जागी कशी येईल, आज्जी? ती तिच्या जागी येते.'

'पण घराचं तर होतंय ना?'

'घराचं म्हणजे?'

मी त्यांना रीत समजावून सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, 'अय्यो, आज्जी! हे काय रेशनचं धान्य आहे का, एकाने लायनीत उभं राहून आणायचं आणि सगळ्यांनी खायचं? ज्याचं त्याने यायचं असतं. आणि ज्याला चालवत नाही, जो आजारी आहे, जो आजाऱ्याला सांभाळतो, तो घरी राहिला तर त्याला पाप नाही. तुम्हाला सूट आहे. धडधाकट असून बाजारात बसतात त्यांना सूट नाही.'

मी म्हटलं, 'मग मी एवढी वर्षं काय करत होते?'

ते म्हणाले, 'तुम्ही येत होता. ते देवाने बघितलंय. ते वाया गेलेलं नाही.' आणि जाता जाता विचारले, 'पण जुन्या फादरांनी हे तुमच्या घरात सांगितलं नव्हतं?'

ते गेल्यावर मी भिंतीला धरून अंगण ओलांडले. दादा ओट्यावर तंबाखू मळत होता. मी विचारले, 'दादा, जुन्या फादरनी ज्याचं त्यानं यायचं म्हनून सांगितलं व्हतं का?'

त्याने तंबाखू तोंडात टाकली. म्हणाला, 'सांगितलं व्हतं की. पैल्याच साली. हितंच बसून म्हनले, एकीला धाडून बाकीच्यांचं भागत न्हाई. तू आत चहा करायली व्हतीस.'

'मला कामून न्हाई सांगितलं?'

'सांगून काय व्हनार व्हतं? बाजार बुडला असता. आन् तुला काय तरास व्हता? धुतलेलं लुगडं नेसून जायचीस, लई खुशीत यायचीस.'

'आन् अंगदच्या मानसांला मी सिस्टर व्हनार म्हनून कुनी सांगितलं?'

दादा खाली बघून म्हणाला, 'तू गेली असतीस तर रविवार कुनी केलं असतं?'

'भागत न्हाई हे ठाव असून?'

'देवाचं भागत नसंल. फादरचं तर भागत व्हतं! ह्या घरचं मानूस येतंय म्हनून भागवतला बोर्डिंगात घेतलं. तुजी वैनी अडली तवा दवाखान्याला चिठ्ठी दिली. सगळ्या घराचं भलं झालं, गुणे. तुला सांगितलं असतं तर तू लगीन करून कंधारला बसली असतीस.'

मी विचारले, 'बाबाला ठाव व्हतं?'

'बाबा हितंच बसला व्हता.'

वैऱ्याने केले असते तर मी वैऱ्याला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. माझा गळा माझ्या माणसांनी केसाने कापला, आणि वर म्हणतात, लुगडे धुतलेले होते ना. वडील खरोखर तिथे बसले होते की दादाने मेलेल्या माणसाच्या खांद्यावर आपले ओझे टाकले, हे मला कधीच कळणार नाही. बक्षीसपत्राच्या दिवशी ते माझ्या तोंडाकडे का बघत नव्हते, हा विचार आता मनातून जात नाही. ज्या रानाला मी पन्नासदा वाकून माती लावली कपाळाला, ती माया होती की मोबदला होता? बाबा, तुम्ही सांगायला हवे होते. रान दिले नसते तरी चालले असते.

कलम ६. त्यानंतरच्या रविवारी मी लातूरला गेले. फादरांनी सूट दिली होती, म्हणूनच गेले. कंडक्टरने काखेत हात घालून वर घेतले. आजवर गेले ती घराची म्हणून गेले. त्या दिवशी पहिल्यांदा माझी म्हणून गेले. बाकावर बसले, हात जोडले आणि काय मागावे ते सुचेना. दादाचा दमा, भागवतची नोकरी, बैलाचा पाय, भावजयीची पोटदुखी, हे सगळे तोंडपाठ होते. माझे स्वतःचे काय मागायचे ते आठवेचना. मिस्सा संपली तरी आठवले नाही. मी तिथे खूप रडले. एका बाईने मला पाणी दिले.

तेव्हापासून गुडघे हो म्हणतील त्या रविवारी जाते, नाही म्हणतील त्या रविवारी घरी जपमाळ ओढते. मला कोणी पाठवत नाही आणि कोणी अडवतही नाही. देवावर माझा राग नाही. त्याने मला बोलावले होते, घराला नाही. निरोप मधल्या माणसांनी बदलला.

कलम ७. रविवारचे रान, पूर्ण वीस गुंठे, बांध, बांधावरची बाभूळ आणि ओढ्याच्या पाण्याचा हक्क यासह, मी सुकन्या भागवत तोगरे हिला देते.

कारण असे. सुकन्येला नांदेडला नर्सिंगला जायचे होते. मार्क चांगले होते. भागवत म्हणाला, 'नांदेडला गेली तर रविवारचं कोन बघनार? फादरकडं अजून कामं हायेत आपली.' ते बोलणे मी माझ्या खोलीतून ऐकले. त्याच अंगणात, तेच कारण, नुसती पोरगी दुसरी. यंदाच्या सोयाबीनचे पैसे मी कोणाला न विचारता तिच्या फीला दिले आणि दिवाळीआधी तिला स्वतः नांदेडला पोचवून आले. भागवत माझ्याशी बोलत नाही. त्याची खुशी.

मी पहिल्यांदा या कलमाला एक अट घातली होती. सुकन्येने कोणाच्याही वतीने चर्चला जाऊ नये, कोणी पाठवले आणि ती गेली तर रान काढून घ्यावे, अशी. वकीलबाई म्हणाल्या, 'आजी, अशी अट कोर्टात टिकेल की नाही, सांगता येत नाही.' मी घरी येऊन विचार केला. मला रान मिळाले ते रविवारच्या बदल्यात. मीही तिला रान देऊन तिचे रविवारच बांधायला निघाले होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होणार नाही. अट खोडली आहे. रान बिनअट आहे. तिने ते कसावे, विकावे, वाट्याने द्यावे.

सुकन्ये, तू मला म्हणाली होतीस, 'आजी, मला चर्चमदी झोप येती.' येऊ दे. जावे की नाही हे तुझे तू आणि तुझा देव बघा. कर्तव्य आहे असे फादर सांगतात, ते खरे सांगतात, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण गेलीस तर स्वतःच्या नावाने जा आणि स्वतःच्या नावाने झोप. दवाखान्यात रविवारची ड्युटी लागली तर आजाऱ्यापाशी थांब. आणि कोणी मागायला आले तर अंगणात तू स्वतः ये. आतून पोहे पाठवू नकोस.

कलम ८. किरकोळ.

पत्र्याची खोली भागवतला. पत्रा गळतो. तो तसाच द्यावा, दुरुस्त करून देऊ नये.

दोन्ही शेळ्या शेजारच्या महामायाला. मी आजारी असताना माझ्या चुलीवर तिनेच भाकरी टाकल्या.

छत्री फादर मलप्पांना. मोटारसायकलवर तिचा उपयोग नाही, पण त्यांनी मला खरे सांगितले, आणि रिकाम्या हाताने कसे पाठवायचे?

खुरपे नागाबाईला. धार आहे, हात जपावा. खुरप्याची मूठ नीट बघितली तर नणंद सहा दिवस काय करत होती ते तिला कळेल.

जपमाळ माझ्या हातात राहू द्यावी. मला लातूरला चर्चच्या दफनभूमीत पुरावे. बँकेतले पैसे त्यासाठी वापरावेत. त्यातून उरले तर गाडी करून महामायासारख्या शेजारणींना न्यावे-आणावे, त्यांना एसटीची वाट बघायला लावू नये.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट प्रियदर्शनी यांनी करावी. त्यांनी एवढे सगळे वाचून काढले, तेव्हा बाकीचेही त्या करू शकतील.

कलम १०. भाऊ वैजनाथ याच्याविषयी.

या जागी आधी दुसरे कलम होते. ते मी खोडले आहे. खोडाखोडीजवळ माझी सही आहे. का खोडले ते सांगते.

मी मृत्युपत्र लिहिते आहे हे दादाला कळले. एका सकाळी काठी टेकत तो माझ्या खोलीत आला. आजवर कधी आला नव्हता. मी म्हटले, आला रानासाठी. पण त्याने रानाचे नावही काढले नाही. बराच वेळ खोकला आणि म्हणाला, 'गुणे, दम आता लई वर येतोय. तुज्या रविवारातलं थोडं माज्या नावावर लिही की. तुज्यापाशी लई हायेत.'

मी म्हटलं, 'दादा, ते नावावर करता येत न्हाईत. तुला पैल्या सालापासून ठाव हाय.'

त्याच्या डोळ्यात पाणी होते. त्याला भीती वाटत होती, आणि माझा भाऊ घाबरलेला मला बघवत नाही. मी म्हटले, 'तू चल माज्याबरुबर. येत्या रविवारी. बाजाराला जातोस, तितकंच तर हाय. माज्या बाजूला बस. तुला काय म्हनायचं ते तुजं तू म्हन.' तो म्हणाला, 'येतो.' दोनदा म्हणाला.

तो गेल्यावर मी लिहिले: 'भाऊ वैजनाथ याला मी सगळे माफ केले आहे. अंगदचे, रविवारचे, सगळे.' लिहिताना हात हलका झाला होता.

रविवारी मी फाट्यावर उभी राहिले. गाडी आली. गावाच्या वाटेने, गाडीतून उतरणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत, लगबगीने आली ती नागाबाई, नवे लुगडे नेसून, धापा टाकत. म्हणाली, 'ह्यांनी मला धाडलंय. म्हनले, गुणासंगं जा आन् माज्या वतीनं माफी मागून ये. देवाची बी आन् तिची बी.'

मी तिला गाडीत घेतले. तिचा काय दोष? तिलाही कोणीतरी पाठवलेच होते. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि इकडे तिकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिने ते आतून कधी पाहिले नव्हते. हळूच म्हणाली, 'गुणाबाई, हितं काय करायचं असतं?' मी म्हटले, 'बसा. तुमचं काय असंल ते सांगा त्याला. त्यांचं सांगू नका.' तिने डोळे मिटले. काय सांगितले देव जाणे, पण परत येताना सगळ्या रस्त्यात माझा हात तिने सोडला नाही.

घरी आले तेव्हा दादा बाजारातून आला होता. पिशवीत मेथी होती. मी तशीच खोलीत गेले आणि कलम खोडले.

आता लिहिते ते असे. दादा, तू मला खरे सांगून विचारले असतेस, 'गुणे, आमच्यासाठी जाशील का? भागणार नाही, पण जाशील का?' तर मी गेले असते. लग्न मोडूनसुद्धा कदाचित गेले असते. तू विचारलेच नाहीस. पोरगी आयती मिळाली आणि तू ती वापरलीस.

माफी मी देऊ शकते. ती माझ्याजवळ आहे, तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. पण ती बायकोला पाठवून मिळायची नाही. रविवार मागायला आलास तसे माफी मागायला अंगण ओलांडून तुला यावे लागेल. माझ्या खोलीचे दार दिवसभर उघडे असते.

तू आलास तर हे कलम मी माझ्या हाताने खोडेन आणि शेजारी तारीख घालीन. माझ्यामागे हा कागद उघडताना हे कलम न खोडलेले सापडले, तर वाचणाऱ्याने समजावे की तो आला नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांच्या समोर सही करून पुरे केले. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघींनाही या कागदाने काही मिळत नाही.

सही: गुणाबाई ग्यानोबा तोगरे
(अंगठा लावणार का, असे वकीलबाईंच्या कारकुनाने विचारले होते. मी सही करते.)

साक्षीदार १: शिवगंगा मारुती गवारे, अंगणवाडी सेविका, रा. धामणवाडी

साक्षीदार २: राजकन्या अंबादास दाडगे, शिवणकाम, रा. रेणापूर

ठिकाण: रेणापूर
दिनांक: २ डिसेंबर २०२५